‘फायनल न्यू २’ म्हणजे नेमकी कुठली फाइल?

प्रश्न: इचलकरंजीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी सहा वर्षं काम करते. साहेब धरून आम्ही चौघं. पार्ट्या एकशे साठच्या आसपास, बहुतेक यंत्रमागवाले आणि सुताचे व्यापारी. कागद व्हॉट्सअॅपवर येतात, मेलवर येतात, पेन ड्राइव्हवर येतात. डेस्कटॉपवर आता मागचं चित्रही दिसत नाही. एकाच ताळेबंदाच्या ‘फायनल’, ‘फायनल न्यू’ आणि ‘फायनल न्यू २’ अशा तीन फाइली आहेत. गेल्या आठवड्यात एका नोटिशीला आधी दिलेलं उत्तर शोधायला दोन तास गेले, तरी त्याला जोडलेले कागद सापडले नाहीत. साहेब म्हणतात, जुनं सगळं डिलीट करा, नाहीतर नवा कॉम्प्युटर घेऊ. मला डिलीट करायची भीती वाटते. दोन-तीन रविवार येऊन सगळं लावून टाकू का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, इचलकरंजी

ताई,

आधी ते हरवलेले कागद. जीएसटीच्या नोटिशीला पोर्टलवरून उत्तर दिलं असेल, तर त्या प्रकरणाच्या पानावर दिलेलं उत्तर आणि त्याला जोडलेल्या फाइली अजून दिसतील, तिथून त्या उतरवून घेता येतात. आयकराची नोटीस असेल तर आयकर पोर्टलच्या ई-प्रोसिडिंग या भागात तसंच पाहता येतं. तिथली प्रत तुमच्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही ‘फायनल’पेक्षा भरवशाची, कारण खात्याकडे प्रत्यक्ष गेली ती तीच. पार्टीने मूळ कागद व्हॉट्सअॅपवर पाठवले असतील तर त्यांच्या चॅटच्या माहितीत जाऊन ‘डॉक्युमेंट्स’ची यादी उघडा. सहा महिन्यांच्या गप्पा वर सरकवत बसायची गरज नाही.

आता रविवारचं. येऊ नका. जुना पसारा एका बैठकीत लावायला घेतला की दुपारपर्यंत शे-दोनशे फाइली लागतात, मग दमायला होतं, आणि सोमवारी अर्धं नव्या पद्धतीत, अर्धं जुन्या पद्धतीत अशी अवस्था होते. ती आजच्यापेक्षा वाईट, कारण आज निदान सगळ्यांना ठाऊक आहे की काहीच जागेवर नाही. शिवाय जुन्या फाइली हे तुमच्या अडचणीचं मूळ नाही. फाइल आत येते त्या क्षणी तिचं नाव आणि जागा ठरत नाही, हे मूळ आहे. ते तसंच राहिलं तर नवा कॉम्प्युटरही दोन महिन्यांत असाच भरेल.

सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. कागद आला की टेबलावर जाण्याआधी त्याच्यावर आवक क्रमांक पडतो. कचेरीबद्दल काहीही म्हणा, पण ही सवय चांगली आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर तेच करायचं आहे.

सगळ्यांत आधी पार्ट्यांची एक एक्सेल यादी करा: क्रमांक, फर्मचं नाव, मालकाचं नाव, पॅन, जीएसटी क्रमांक, फोन. क्रमांक तीन आकडी, ००१ पासून. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही, पार्टी सोडून गेली तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. नावावरून फोल्डर केलं की ‘श्री’चं स्पेलिंग दोघं दोन तऱ्हेने करतात, एक जण फर्मच्या नावाने शोधतो आणि दुसरा मालकाच्या आडनावाने, आणि एकाच पार्टीची तीन फोल्डरं तयार होतात. काही ऑफिसं पॅनच्या नावाने फोल्डर करतात. पॅन एकमेव असतो हे खरं, पण तो तोंडपाठ राहत नाही, आणि फाइलच्या नावात पॅन घातला की ती फाइल जिथे जाईल तिथे पॅनही जातो. तीन आकडे बरे.

मग प्रत्येक पार्टीचं एक फोल्डर: आधी क्रमांक, मग नाव. त्याच्या आत एक ‘०० कायम’ नावाचं फोल्डर. त्यात पॅन, आधार, भागीदारी पत्र, जीएसटी नोंदणीचा दाखला, रद्द केलेला चेक, म्हणजे दरवर्षी बदलत नाही ते सगळं. त्याच्या शेजारी वर्षांची फोल्डरं, आणि वर्षाच्या आत जीएसटी, आयकर, हिशोब, नोटीस. बस, एवढंच. आणखी खोल जाऊ नका. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून सगळ्या फोल्डरांची नावं आणि फाइलचं नाव धरून, साधारण २६० अक्षरांच्या वर गेला की अनेक प्रोग्रॅम अडतात. एरवी सगळं उघडतं आणि नेमकं बॅकअप घेताना किंवा झिप सोडताना काही फाइली मागे राहतात. फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक नाव, हे त्याचं नेहमीचं कारण.

तुमच्या भागात एक वेगळी गोष्ट दिसते. काहींचा माल किंवा गोडाऊन कर्नाटकातही असतं, म्हणून एकाच पॅनवर दोन जीएसटी क्रमांक. महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, कर्नाटकाचा २९ने. अशा पार्टीत ‘जीएसटी २७’ आणि ‘जीएसटी २९’ अशी दोन फोल्डरं ठेवा. एकातच ठेवलं तर एखाद्या महिन्याच्या ३बीवर (जीएसटीच्या रिटर्नवर) दुसऱ्या राज्याचा ३बी सेव्ह होईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वर्षाबद्दल आत्ताच ठरवून टाका, कारण कर सल्लागारांच्या ऑफिसात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. फोल्डरवर नेहमी आर्थिक वर्षच लिहायचं. असेसमेंट इयर, म्हणजे कर आकारणीचं पुढचं वर्ष, कधीच नाही. २०२४-२५च्या उत्पन्नाचं रिटर्न असेसमेंट इयर २०२५-२६चं, पण ते ठेवायचं २०२४-२५च्या फोल्डरात, त्याच वर्षाच्या जीएसटीच्या शेजारी. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यात असेसमेंट इयर जाऊन ‘कर वर्ष’ येतं, आणि ते आर्थिक वर्षच असतं. पुढे सोपं होईल, पण मधे एक खड्डा आहे: ‘असेसमेंट इयर २०२६-२७’ म्हणजे २०२५-२६चं उत्पन्न, आणि ‘कर वर्ष २०२६-२७’ म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षाचं. आकडे तेच, वर्षं दोन. जुन्या वर्षांच्या नोटिशी असेसमेंट इयर लिहूनच येत राहतील. म्हणून नोटीस हातात आली की आधी आर्थिक वर्ष काढा, मग फोल्डर उघडा.

आता फाइलचं नाव. सगळ्या पद्धतीत जास्तीत जास्त काम हेच करतं, फोल्डरपेक्षाही. कारण फाइल मेलने गेली, पेन ड्राइव्हवर गेली, चुकून भलत्या फोल्डरात पडली, तरी नाव तिच्याबरोबर जातं. नावात चार गोष्टी, याच क्रमाने: पार्टी क्रमांक, कागद कसला, कुठल्या काळाचा, कुठल्या अवस्थेतला.

०४३_३बी_२०२५-०७_भरलेला
०४३_बँक-स्टेटमेंट_२०२५-०७
०४३_ताळेबंद_२०२४-२५_कच्चा-२

इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिलं आहे. प्रत्यक्षात अक्षरं आणि आकडे इंग्रजी ठेवा. मराठी नावं विंडोजमध्ये चालतात, पण काही पोर्टलं अशी फाइल घेत नाहीत, आणि ‘नोटीस’ एकाने दीर्घ लिहिली, दुसऱ्याने ऱ्हस्व, की शोधताना निम्म्याच फाइली दिसतात.

तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि महिना नेहमी दोन आकडी. दिवस आधी लिहिला तर नावाप्रमाणे लावल्यावर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात. वर्ष आधी असलं की २०२५-०४ पासून २०२६-०३ पर्यंत, म्हणजे एप्रिल ते मार्च, बारा महिने आपोआप आर्थिक वर्षाच्या क्रमाने लागतात. नुसतं ‘एप्रिल’, ‘ऑगस्ट’, ‘डिसेंबर’ लिहिलंत तर वर्णक्रमाने लागतील आणि मधला जून राहून गेला हे दिसणारच नाही. नीट लावलेल्या यादीत गाळलेला महिना डोळ्यात भरतो, हा या पद्धतीचा फार मोठा फायदा आहे. काळ म्हणजे रिटर्न ज्या महिन्याचा तो महिना, भरल्याचा नव्हे. जुलैचा ३बी ऑगस्टमध्ये भरला तरी तो ‘०७’च. तिमाही रिटर्न असेल तर तिमाहीचा शेवटचा महिना लिहा.

‘फायनल’ हा शब्द ऑफिसातून हद्दपार करा. तो शब्द लिहिणाऱ्याची आशा सांगतो, फाइलची अवस्था नाही. अवस्थेचे शब्द तीनच: ‘कच्चा’, ‘तपासलेला’, ‘भरलेला’. कच्च्याला आकडा द्या, कच्चा-१, कच्चा-२. साहेबांनी पाहिलं की ‘तपासलेला’. पोर्टलवर गेलं आणि पोचपावती आली की ‘भरलेला’, आणि त्याच दिवशी पोचपावती शेजारी ठेवून कच्च्या प्रती काढून टाका. भरलेली फाइल पुन्हा उघडून बदलायची नाही. सुधारित रिटर्न भरावं लागलं तर ते ‘भरलेला-सुधारित’ म्हणून वेगळं.

एकच कागद दोन ठिकाणी ठेवायचा नाही, हा नियम सगळीकडे पाळा. नोटीस मात्र याला अपवाद. प्रत्येक नोटिशीला तिच्या तारखेचं स्वतंत्र फोल्डर, आणि त्यात नोटीस, आपलं उत्तर, उत्तराला जोडलेला एकूण एक कागद आणि पोचपावती. बँक स्टेटमेंट दुसरीकडे असलं तरी त्याची प्रत इथे हवीच. दोन वर्षांनी अपिलाची वेळ आली तर ‘तेव्हा आपण नेमकं काय जोडलं होतं’ याचं उत्तर या एका फोल्डरात मिळालं पाहिजे. तुमचे गेल्या आठवड्यातले दोन तास या एका अपवादाने वाचले असते.

आता आवक. सामाईक ड्राइव्हवर, म्हणजे चौघांच्याही कॉम्प्युटरवरून उघडतो त्या ड्राइव्हवर, ‘०० आवक’ नावाचं एकच फोल्डर करा. कुठूनही आलेली फाइल आधी तिथे. क्रोममध्ये डाउनलोडच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारा’ हे चालू करा. मग पोर्टलवरून उतरवतानाच नाव आणि जागा दोन्ही देता येतात, आणि डाउनलोड्समध्ये ढीग साठत नाही. व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या फाइलींची नावं बहुतेकदा नुसती तारीख आणि आकडे असतात, म्हणून त्या आवकमध्ये घेऊन संध्याकाळी साडेपाचला पंधरा मिनिटं बसून नावं द्या. पहिल्या फाइलवर एफ-२ दाबा, नाव लिहा, टॅब दाबा: पुढची फाइल आपोआप नाव बदलायला उघडते. माउसला हात लावावा लागत नाही आणि वीस फाइली पाच-सात मिनिटांत होतात. आवक रोज रिकामी झाली पाहिजे. शनिवारवर ढकलली की ती दुसरा डेस्कटॉप होते.

पार्ट्यांनाही एक सांगा: बिलाचा फोटो ‘फोटो’ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, आणि बिलावरचे बारीक आकडे, विशेषतः ३, ८ आणि ६, पुसट होतात. शिवाय फाइल वेळेवर उतरवून घेतली नाही तर काही दिवसांनी ‘पुन्हा पाठवायला सांगा’ असा संदेश येतो, म्हणून ‘चॅटमध्ये आहे की’ यावर विसंबू नका. ऑफिसातच स्कॅन करायचं असेल तर ३०० डीपीआय, राखाडी रंगात, आणि एका कागदपत्राची एक पीडीएफ. चाळीस पानांचा गठ्ठा एकाच फाइलीत स्कॅन केला की त्यातलं सतरावं पान कुणालाच सापडत नाही.

जुन्या मराठी फाइलींबद्दल सावध राहा. भागीदारी पत्रं, अर्ज, जुनी उत्तरं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर त्यांत मराठी शब्द टाकून शोधलं तरी काहीच मिळणार नाही, कारण आत मराठी अक्षरं नसतातच, दुसऱ्याच चिन्हांना मराठी रूप दिलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकुराची खिचडी दिसते. जी लागतील त्यांची, फॉन्ट आहे त्या मशीनवर, पीडीएफ करून ठेवा. नवं सगळं युनिकोडमध्ये.

जुन्या पसाऱ्याचं आता. एक दिवस ठरवा. महिन्याच्या २२ नंतरचा घ्या, म्हणजे ३बीची घाई उरकलेली असते, आणि आयकर रिटर्नच्या घाईचे जुलै-सप्टेंबर टाळा. त्या दिवशी आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधलं सगळं उचलून ‘जुना साठा’ नावाच्या एका फोल्डरात टाका, पुढे त्या दिवसाची तारीख. लावत बसू नका. त्यातलं जे कामासाठी लागेल ते त्या वेळी शोधायचं, नाव द्यायचं आणि पार्टीच्या फोल्डरात हलवायचं. वर्षभरात कामाचं बाहेर येतं, बाकीचं तिथेच पडून राहतं, आणि ते पडून राहणं चालतं. शोधायला ‘एव्हरीथिंग’ हा छोटा मोफत प्रोग्रॅम टाका, नावाचा तुकडा लिहिताच सगळ्या ड्राइव्हवरून फाइली दाखवतो.

हलवताना दोन गोष्टींना हात लावू नका. टॅली या हिशोबाच्या प्रोग्रॅमचा डेटा, म्हणजे नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं, जिथे आहे तिथेच राहू द्या, नाव बदललं किंवा जागा बदलली की टॅलीला कंपनी दिसत नाही. आणि एकमेकींना जोडलेल्या एक्सेल फाइली एकत्रच हलवा, नाहीतर उघडल्यावर आकड्यांऐवजी चुका दिसतील. चालू टॅली डेटा गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रतीशी आपोआप जुळवल्या जाणाऱ्या, फोल्डरातही ठेवू नका. टॅली लिहीत असतानाच सिंक ती फाइल उचलायला जातं आणि डेटा बिघडू शकतो. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल वर चढवा.

तुमची डिलीट करायची भीती बरोबर आहे, साहेबांना हे दाखवा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२२-२३च्या वार्षिक रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे ती कागदपत्रं ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतरही एक वर्ष, जे नंतर येईल ते. कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं. बंधन पार्टीवर आहे, पण अनेक पार्ट्यांकडे दुसरी प्रत नसते, ती तुमच्याकडेच असते.

मग काढायचं काय? डाउनलोड्समधले जुने सेटअप आणि आयकराच्या मागच्या वर्षांच्या युटिलिटी, शुभेच्छांची चित्रं, अर्धवट उतरलेल्या फाइली. डाउनलोड्स आकाराप्रमाणे लावलं की बहुतेक जागा खाणारे हेच वर येतात. नावापुढे कंसात १ किंवा २ असलेल्या फाइली बहुधा दोनदा उतरवलेल्या असतात, पण डोळे मिटून काढू नका: त्याच नावाने उतरलेलं सुधारित रिटर्नही तसंच दिसतं. आकार पाहा, उघडून पोचपावतीचा क्रमांक पाहा, मग काढा.

आणि हे चौघांनाही सांगा: दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या सामाईक फोल्डरातली किंवा पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती तुमच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून सामाईक ड्राइव्हवर ‘काढायचं’ नावाचं फोल्डर ठेवा. सगळ्यांनी नको असलेलं तिथे हलवायचं, आणि महिन्यातून एकदा एकाच माणसाने, म्हणजे तुम्ही, पाहून रिकामं करायचं.

बॅकअप म्हणजे सिंक नव्हे. इथे डिलीट झालं की तिथेही डिलीट होतं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, मग तेही जातं. तीन प्रती हव्यात: ऑफिसची मूळ, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, ऑफिसबाहेर एक. हार्ड डिस्क शनिवारी जोडायची, प्रत झाली की काढून कपाटात. सतत जोडून ठेवलेली डिस्क फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसलाही तितकीच जवळ असते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतल्या कुठल्याही तीन फाइली उघडून पाहा. बॅकअप चालू होता पण महिनोन्‌महिने रिकामाच होता, हे अशा तपासणीतच कळतं.

नव्या कॉम्प्युटरला आमची हरकत नाही. जुना विंडोज १०वर असेल तर त्याच्या मोफत सुरक्षा सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवल्या, तेव्हा घ्यावाच. फक्त हे लक्षात ठेवा की डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सहसा सी ड्राइव्हवर असतात, आणि जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करणं म्हणजे सी ड्राइव्ह पुसणं. जुना साठा आधी बाहेर काढा, मग कॉम्प्युटरवाल्याला बोलवा.

सहकाऱ्यांना एकदम सगळं शिकवू नका. पार्ट्यांची यादी, नावाचे चार भाग आणि तीन अवस्था एका पानावर छापून प्रत्येक मॉनिटरशेजारी लावा. पहिले तीन आठवडे फक्त नव्या फाइलींना, फक्त जीएसटीच्या कामाला ही पद्धत लावा. साहेबांना पटवायला भाषण लागणार नाही: पुढची नोटीस आली की क्रमांक आणि महिना टाकून शोधून दाखवा.

शेवटी, तुम्ही विचारलं नाही पण अशा ऑफिसात बहुधा असतंच, म्हणून लिहितो: सगळ्या पार्ट्यांच्या पोर्टलचे पासवर्ड असलेली एक्सेल फाइल डेस्कटॉपवर असेल, तर बाकी काही करायच्या आधी ती आज उचला. बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारख्या पासवर्ड ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये ते घाला. ते होईपर्यंत एक्सेलच्या फाइल मेन्यूतून तिला पासवर्ड लावून डेस्कटॉपवरून हलवा, आणि आधी ती कुणाकुणाला मेलने किंवा व्हॉट्सअॅपवर गेली आहे ते पाहून गेली असेल तर तिच्यातले पासवर्ड बदला.